जागतिक विक्रम करणारी मोठी, की ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी?

तुम्ही विचारलंय की महिलांच्या 800 मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींत खरी चॅम्पियन कोण, विक्रमवाली की पदकवाली? आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: "पूर्ण शर्यत पुढे राहून शेवटी हरणाऱ्या मुळात मूर्खच नाहीत का?" त्या वाक्यासाठी लिहितेय.

मी 1500 मीटर पळायचे. माझ्या कोच सरांचा एकच मंत्र: मागे बस, वारा दुसरीला खाऊ दे, शेवटच्या 200 ला निघ. मंत्र चुकीचा नाही. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची केली हॉम्स 800 च्या फायनलमध्ये मागेच होती आणि शेवटी 1:56.38 मध्ये जिंकली. दुसरी आणि तिसरी जेमतेम 0.05 सेकंद मागे. पण हॉम्सकडे ती किक होती, म्हणजे शेवटी एकदम वेग वाढवायची ताकद. माझ्याकडे नव्हती. जीव काढूनही माझे 200 मीटर 30 सेकंदांच्या आत कधी आले नाहीत, आणि हे सरांच्याच वहीत लिहिलेलं होतं.

एका फायनलला मी ऐकलं नाही. पहिले 300 मीटर 53 सेकंदांत काढले, पुढचा लॅप, म्हणजे 400 मीटरची फेरी, 72 सेकंदांत. मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही. नंतर पाय भरून आले, लॅप 76 चा गेला. शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा कुंपणाला टेकलेले सर दिसले. ओरडत नव्हते, नुसते स्टॉपवॉचकडे बघत होते. शेवटच्या वळणावर मागून स्पाइक्सचा आवाज आला, आधी एकीचा, मग तिघींचा. तो करकर आवाज अजून कानात आहे. चौथी आले, तिसरीच्या हातभर मागे. सर एवढंच म्हणाले, "पदक वाटून आलीस."

आता ब्रिटनचीच पॉला रॅडक्लिफ बघा. 2000 ला सिडनी ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरला बहुतेक शर्यत तिनं ओढली आणि शेवटच्या लॅपमध्ये डेरार्टू टुलूसकट तिघी पुढे गेल्या. चौथी! ऑलिंपिक पदक तिला कधीच मिळालं नाही. पण 2003 ला लंडनमध्ये तिनं मॅरेथॉन 2:15:25 ला पळून दाखवली, आणि तो विक्रम 2019 पर्यंत कोणी हलवू शकलं नाही. हिला मूर्ख म्हणायचं? इथिओपियाच्या अल्माझ अयानानं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 10,000 ला 29:17.45 चा जागतिक विक्रम केला, तोही सुवर्णासकट. काही दिवसांनी 5,000 मध्ये तशीच पुढे गेली आणि कांस्यावर राहिली. बाई तीच, डावही तोच.

तुमच्या मूळ प्रश्नाचं बोलायचं तर ही तुलनाच लंगडी आहे. विक्रमाच्या शर्यतीत आजकाल बहुतेक वेळा पेसर असतात, म्हणजे ठरलेला वेग लावून देणारे धावपटू, आणि ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे असतात. ऑलिंपिक फायनलमध्ये दोन्ही नाहीत, त्यामुळे कोणी वेग लावला नाही तर सगळ्या घोळक्यात रेंगाळतात आणि आतल्या बाजूची बिचारी बॉक्स होते, म्हणजे चारी बाजूंनी अडकते. दोन वेगळी कामं आहेत ही. केनियाच्या फेथ किप्येगॉनला दोन्ही जमतात: 1500 ची लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं, त्यात 2018 ला मुलगी झाली, आणि त्यानंतर विक्रमही. एकच नाव हवं असेल तर तिचं घ्या. नेदरलँड्सच्या सिफान हसनचे चाहते चिडतील. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 ची कांस्यं घेऊन मग मॅरेथॉनचं सुवर्ण, हे मलाही अजून खरं वाटत नाही. तरी फेथच.

हे वाचून कोणी पहिल्याच लॅपला जीव टाकू नका. माझेही पहिले 700 मीटर जरा जास्तच वेगात झाले होते, तो 72 चा लॅप 74 चा हवा होता. सरांचं तेवढं बरोबर. पण ज्या मुलीला किक नाही तिला मागे बसवणं म्हणजे तिला पाचवी यायला शिकवणं. आधी तिचे 200 मोजा, मग डाव ठरवा. सर आजही नव्या मुलींना माझी ती शर्यत सांगतात, काय करू नये म्हणून. त्याआधी माझं बेस्ट 4:44 होतं आणि त्या दिवशी 4:36 आलं, हे मात्र त्यांनी एकदाही सांगितलेलं नाही.