गोळ्या सुरू झाल्या आणि ते स्वप्नात यायचे थांबले

“गोळ्यांनी झोप लागते, पण स्वप्नंच पडत नाहीत. डोक्याला काही झालं असेल का?” नैराश्याची औषधं घेणारी बरीच माणसं हे विचारतात, आणि तेही निघताना, चपला घालता घालता. प्रश्न किरकोळ वाटेल अशी त्यांना भीती असते. मी समुपदेशक; शालनताईंमुळे मी तो पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारायला लागले. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

शालनताई चोपन्न वर्षांच्या. नवरा एसटीत चालक होता, ड्युटीवर असतानाच हृदयविकारानं गेला. त्यानंतर वर्षभरात ताईंचं जेवण तुटलं, वजन उतरलं. पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. मनोविकारतज्ज्ञांनी पॅरोक्सेटिन हे नैराश्याचं औषध सुरू केलं. दीड महिन्यात ताई पुन्हा भाकरी थापायला लागल्या, रात्रभर झोपायला लागल्या. घरचे खूश होते. ताई मात्र एक गोष्ट कुणाशी बोलल्या नव्हत्या.

आधी आठवड्यातून दोन-तीनदा ‘हे’ स्वप्नात यायचे. रात्रपाळी करून आल्यासारखे. मोरीत डबा ठेवायचे आणि म्हणायचे, “चहा टाक गं.” गोळ्या सुरू झाल्या आणि ते यायचे थांबले.

जाऊबाई म्हणाल्या, त्यांना गती मिळाली, म्हणून येत नाहीत. शेजारीण म्हणाली, त्या गोळ्यांनीच वाट अडवलीय. ताईंना दुसरं पटलं. पितृपक्ष लागला त्या दिवशी त्यांनी गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं आणि औषध बंद केलं.

तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं. आणि रात्री स्वप्नं आली, पण कशी! घाटात उलटलेली गाडी, काचेमागून हाका मारणारे ‘हे’. माझ्यासमोर बसल्या तेव्हा दोन रात्री झोपल्या नव्हत्या. “ते रागावलेत माझ्यावर,” एवढंच म्हणत होत्या.

त्यांना मी जे सांगितलं ते असं. झोपेत साधारण दर दीड तासानं एक टप्पा येतो, त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. शिकागोतल्या संशोधकांनी १९५३ साली त्याची नोंद केली. त्याला रेम झोप म्हणतात. मोठ्या माणसाच्या झोपेचा सुमारे पाव भाग ती असते आणि पहाटेकडे हे टप्पे लांबत जातात. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच वेळची. या टप्प्यात मेंदूतल्या सेरोटोनिन नावाचं रसायन पाझरणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प असतात. पॅरोक्सेटिनसारखं औषध सेरोटोनिन वाढवून ठेवतं, म्हणून ही झोप उशिरा येते आणि कमी होते.

औषध एकाएकी तोडलं की इतके दिवस अडलेली ती झोप जोरात परत येते. कालव्याला पाणी सुटलं की पहिला लोंढा गाळ घेऊन येतो ना, तसं. ताई शेतकऱ्याची लेक, त्यांनी लगेच मान हलवली. लवकर शरीराबाहेर जाणाऱ्या औषधांत, म्हणजे पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनमध्ये, हा त्रास जास्त दिसतो. फ्लुओक्सेटिन हळू उतरतं, त्यामुळे तिथे कमी.

मग मी विचारलं, “पूर्वी स्वप्न पडलं की किती वाजलेले असायचे?” त्या थबकल्या. “तीन. साडेतीन.”

स्वप्न आठवायला त्यातून जाग यावी लागते. नैराश्य त्यांना नेमकं पहाटे, स्वप्नांच्या ऐन भरात, उठवत होतं, म्हणून ‘हे’ लक्षात राहायचे. आता सलग झोप लागते, त्यामुळे उरलीसुरली स्वप्नंही मागेच राहतात. हे ऐकून ताई बराच वेळ रडल्या. मी थांबवलं नाही. औषधाचा गुण खरा होता आणि ताईंचं नुकसानही खरं होतं. “बरं वाटतंय ना, मग झालं” असं मी त्यांना म्हणणार नव्हते.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. याच गटातल्या औषधांनी काहींची झोप तुटक होते आणि स्वप्नं उलट जास्त, भडक आठवतात. मिर्टाझापिन हे नैराश्याचंच दुसरं औषध रेम झोप फारशी दाबत नाही, पण त्यानंही काहींना ठळक स्वप्नं पडतात. आणि वेड लागायची भीती मनातून काढा: फेनेल्झिन या जुन्या औषधावर काही रुग्णांची रेम झोप कित्येक महिने जवळजवळ बंद होती, तरी त्यांची बुद्धी शाबूत राहिली. मात्र झोपेत कुणी ओरडत, हातपाय झाडत, पलंगावरून पडत असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

गोळीचा निर्णय माझा नव्हे. त्याच दुपारी ताई डॉक्टरांकडे गेल्या आणि पहिल्यांदाच स्वप्नांबद्दल बोलल्या. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं, रात्रीची गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगितली, आणि पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते चालू ठेवून मग टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरवलं. चार दिवसांत करंट थांबले.

माझ्याकडे आम्ही एक वही केली. जाग आली की लगेच उठायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही. जे हाती लागेल ते लिहायचं. पहिली नोंद तीन आठवड्यांनी: “पत्र्यावर पाऊस. बाकी आठवत नाही.” दुसरी: “कुणाचं तरी लग्न.” मधली बरीच पानं कोरी. त्या कोऱ्या पानांबद्दलही आम्ही बोलत होतो, कारण नवऱ्याला भेटायची एवढी एकच जागा त्यांनी ठेवली होती.

वर्ष उलटल्यावर मात्रा कमी व्हायला लागली. एके दिवशी ताई वही उघडी धरूनच आत आल्या. “हे आले होते. डबा नव्हता हातात. दारातच उभे राहिले. मी म्हटलं चहा टाकते, तर नको म्हणाले.” त्यांचा आवाज चढला होता. “नको का म्हणाले, मॅडम?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?”

त्या तासात त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, की शेवटच्या दिवशी पहाटे दूध नासलं होतं, आणि ते चहा न घेताच निघाले होते.