'जैविक सक्रियता' म्हणजे नेमकं काय? सिगारेट कंपन्यांच्या प्रयोगशाळांबद्दल

तुमचे दोन प्रश्न आहेत. सिगारेट कंपन्यांच्या जुन्या कागदांत 'धुराची जैविक सक्रियता' हा शब्द सारखा येतो, त्याचा अर्थ काय? आणि कंपन्यांचं संशोधन हा सगळा देखावाच होता का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. देखावा होता, पण तो लोकांसमोरच्या कामाचा. दाराआड जे झालं ते काम पक्कं होतं. मी 22 वर्षं विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. ते अहवाल वाचताना मला माझ्यासारख्याच माणसांचा हात ओळखू येतो. तुलनेचा गट नीट ठेवलेला, मात्रा चढत्या क्रमाने, एकेका जनावराच्या वजनाची नोंद. काम चांगलं होतं म्हणूनच ते वाचताना पोटात तुटतं.

आता शब्दाकडे येऊ. डिसेंबर 1953 मध्ये अर्न्स्ट विंडर, एव्हर्ट्स ग्रॅहम आणि अडेल क्रोनिंगर या अमेरिकेतल्या संशोधकांचा प्रयोग छापून आला. यंत्राने सिगारेटी ओढायच्या, धुराचं टार, म्हणजे त्यातला काळा चिकट अंश, गोळा करायचं, ते ॲसिटोनमध्ये विरघळवून उंदराच्या भादरलेल्या पाठीवर आठवड्यातून 3 वेळा ब्रशने लावायचं. 44 टक्के उंदरांना त्वचेचा कर्करोग झाला. ग्रॅहम हे एकाच शस्त्रक्रियेत अख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढणारे पहिले सर्जन (1933). स्वतः सिगारेट ओढायचे. पुढे सोडली, पण 1957 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले.

असं लेपन मी वेगळ्या रसायनासाठी केलं आहे. उंदराला मानेच्या कातडीला धरायचं. ॲसिटोन गार लागतं, पाठ थरथरते. कित्येक महिने काहीच दिसत नाही. मग एके दिवशी बोटाला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी लागतं, आणि तुम्ही वहीत तारीख घालता. पुढच्या आठवड्यात शेजारच्या पिंजऱ्यात तेच. हे ज्याने स्वतःच्या बोटांनी चाचपलं आहे, त्याला 'अजून काही सिद्ध झालेलं नाही' हे वाक्य लिहिताना काय वाटत असेल?

कंपन्यांनी ते वाक्य लिहिलं. त्याच डिसेंबरात कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले, आणि 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकेतल्या 400 हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आलं: ग्राहकांचं आरोग्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही संशोधनाला पैसे देऊ. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. बाहेरच्या वाटेवर समिती, अनुदानं, 'वाद अजून मिटलेला नाही'. आतल्या वाटेवर कंपन्यांचे लोक विंडरचाच प्रयोग पुन्हा करून बघत होते, आणि गाठी येत होत्या.

मग अडचण शब्दाची आली. अहवालात 'कर्करोगकारक' लिहिलं तर उद्या तो कागद कोर्टात जाईल. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या 1957 च्या एका कागदात तर फुप्फुसाच्या कर्करोगाला 'झेफर' असं सांकेतिक नाव दिलं आहे. झेफर म्हणजे मंद वाऱ्याची झुळूक. 'जैविक सक्रियता' हा त्याच घरातला शब्द, फक्त जास्त सभ्य. या कंपनीच्या कागदांत त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच, की या सिगारेटच्या टारने उंदराच्या पाठीवर किती गाठी येतात. तुम्ही वाचताना शब्द बदलून बघा. 'अमुक तंबाखूची जैविक सक्रियता कमी आढळली' म्हणजे 'अमुक तंबाखूने कमी उंदरांना कर्करोग झाला'. अख्खा अहवाल उलगडतो.

असं काम लहानसहान नव्हतं. इंग्लंडात हॅरोगेटला ब्रिटिश कंपन्यांनी मिळून 1960च्या दशकात स्वतंत्र प्रयोगशाळा चालवली. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने जर्मनीत फ्रँकफर्टच्या बाटेल संस्थेकडून 'जेनस' नावाखाली 1965 पासून वर्षानुवर्षं उंदरांच्या कातडीवर चाचण्या करून घेतल्या. कंपनीचे वैज्ञानिक सल्लागार होते सर चार्ल्स एलिस, केंब्रिजमध्ये रदरफर्डबरोबर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. एवढ्या ताकदीची माणसं होती ही.

अमेरिकेत लिगेट कंपनीच्या जेम्स मोल्ड यांनी तंबाखूत पॅलेडियम हा धातू मिसळून बघितला. उंदरांवरच्या गाठी ठळकपणे कमी झाल्या. सिगारेट तयार होती, बाजारात आलीच नाही. कारण ही कमी घातक म्हणून विकायची, तर बाकीच्या घातक आहेत हे कबूल करावं लागतं. मोल्ड यांनी 1988 च्या एका खटल्यात हे साक्षीत सांगितलं. मला सगळ्यात जास्त चटका लावून जातं ते हेच. त्या मिश्रणाने माणसं वाचली असती असं मी म्हणत नाही, उंदराची पाठ म्हणजे माणसाचं फुप्फुस नव्हे. पण प्रश्न विचारण्याची वाटच बंद केली.

आर. जे. रेनॉल्ड्सची नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमला जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. लोक तिला 'उंदरांचं घर' म्हणत. 1970 च्या मार्चमध्ये ती एका दिवसात बंद केली, 26 जणांना घरी पाठवलं. त्याआधी वह्या काढून घेतल्या होत्या. वही म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्यांनाच कळेल. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चूक झाली तर एक रेघ मारून सही करायची.

फिलिप मॉरिसने वेगळी युक्ती केली. 1971 मध्ये स्विस उपकंपनीमार्फत जर्मनीत कोलोनची इनबिफो ही संशोधन संस्था विकत घेतली, म्हणजे नकोसे निकाल अमेरिकेच्या कोर्टांपासून लांब राहतील. सिगारेटच्या जळत्या टोकातून सुटणारा धूर, जो शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो, तो तिथे जनावरांना हुंगवला. ओढणाऱ्याने ओढलेल्या धुरापेक्षा तो जास्त विषारी निघाला. छापलं नाही. हे आकडे 2005 मध्ये सुझेन शिक आणि स्टँटन ग्लँट्झ या संशोधकांनी कंपनीच्याच कागदांतून बाहेर काढले: ग्रॅमला ग्रॅम धरलं तर सुमारे चौपट विषारी. मधल्या काळात घरांत, बसमध्ये, विमानांत किती लेकरांच्या नाकात तो धूर गेला असेल याचा विचार मला करवत नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगते. माझी आत्या तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. त्या दिवशी घरभर ठसका लागायचा, आम्ही पोरं अंगणात पळायचो. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात हीच मिश्री जिवाणूंवर आणि जनावरांवर तपासली. जिवाणूंची चाचणी अशी: साल्मोनेलाचा एक वाण असा असतो, की हिस्टिडीन हे अमिनो आम्ल दिल्याशिवाय तो वाढत नाही. त्याच्या जनुकात तुमच्या पदार्थाने बदल घडवला, तर तो हिस्टिडीनशिवायही वाढायला लागतो. मग सकाळी बशी उजेडाला धरायची आणि पांढरे ठिपके मोजायचे. मिश्रीने ठिपके वाढले, जनावरांत गाठीही आल्या. त्यांनी ते सरळ छापलं, नाव 'मिश्री' आणि निष्कर्ष 'कर्करोगकारक'. दोन्हीकडे चाचण्या त्याच जातीच्या होत्या.

हे सगळे कागद आता बघायला मिळतात ते 1994 मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या अमेरिकी उपकंपनीचे हजारो कागद ग्लँट्झ यांच्याकडे निनावी खोक्यातून आले म्हणून, आणि 1998 मध्ये मिनेसोटातल्या खटल्याच्या तडजोडीने कंपन्यांना आपले दप्तर उघडावं लागलं म्हणून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या संग्रहात 1 कोटीहून जास्त कागद फुकट वाचता येतात.

शोधताना नुसतं 'कॅन्सर' टाकू नका, अर्धा माल निसटेल. इंग्रजी स्पेलिंगने 'बायोलॉजिकल ॲक्टिव्हिटी', 'माउस स्किन पेंटिंग', 'झेफर', 'जेनस', 'इनबिफो' असं टाका. वर्षाची चाळणी आधी 1960 ते 1980 लावा. आणि मुख्य अहवालापेक्षा त्याला जोडलेली पत्रं आधी वाचा. अहवाल वैज्ञानिकाने लिहिलेला असतो, पत्रात वकील बोलतो. एखादा तक्ता कळला नाही तर त्याचा क्रमांक इथे टाका, मी बघून सांगते.