आधी फूटपट्टी, मग एक्सेल

समुद्री प्राण्यांच्या आकारांची माहिती गोळा करायची आणि राहायचं नाशकात, याचं टेन्शन घेऊ नकोस. काम बरंचसं वाचनाचंच आहे. पण सुरुवात लॅपटॉपवर नको. रविवारी बाजारातून एक बांगडा आण, ताटात आडवा ठेव आणि मोज. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक आकडा येईल, शेपटीच्या खाचेपर्यंत दुसरा, शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत तिसरा. मासा एकच! तक्त्यात नुसता 'लांबी' असा रकाना ठेवलास तर पुढे रडशील. मी रडलोय, दोन महिन्यांच्या नोंदी पुन्हा केल्या.

खेकड्याच्या पाठीच्या कवचाची रुंदी घेतात, पाकट या चपट्या माशाच्या अंगाची रुंदी (शेपटी बऱ्याचदा तुटलेली, तिचा काय भरवसा?), माकुलाच्या (म्हणजे स्क्विडच्या) फक्त धडाची लांबी. महाकाय माकुलाचे जुने अचाट आकडे पाहशील, त्यातले कित्येक लांब शुंडकं रबरासारखी ताणून मोजलेले असतात. 'सर्वात मोठा' आणि 'नेहमीचा' आकारही एकाच रकान्यात कोंबू नकोस. व्हेल शार्क 18 मीटरच्या वर नोंदलाय, पण दिसतात ते बहुतेक त्याहून खूप लहान.

नावांचाही घोळ असतो. सुरमईचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत सायबियम, आता स्कॉम्बेरोमोरस. 'वर्म्स' या समुद्री जीवांच्या जागतिक यादीत प्रत्येक नाव तपास, नाहीतर एकच मासा दोनदा येईल. फुटांचे मीटर केलेस तरी मूळ आकडा शेजारी राहू दे.

आणि बांगडा मोजून झाला की लगेच तळ. उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही.