‘ड्यू डिलिजन्स’ लिहिण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझा शेतजमिनीचा टायटल रिपोर्ट (मालकी-हक्क तपासणीचा अहवाल) वाचला. शेवटी ‘ड्यू डिलिजन्स करण्यात आला आहे’ असं एक वाक्य आहे. त्याच्या भरवशावर एक कुटुंब आयुष्यभराची पुंजी लावणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डिलिजन्स म्हणजे काळजीपूर्वक केलेली मेहनत. आपल्या कामात खरं वजन आहे ते ‘ड्यू’ला: त्या व्यवहारात, त्या परिस्थितीत शहाण्या माणसाने घ्यायला हवी तेवढी काळजी. फ्लॅटसाठी पुरेशी असलेली चौकशी शेतजमिनीला पुरत नाही.

हेतू शुद्ध होता, एवढ्याने सगळीकडे सुटका होत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये प्रामाणिकपणे केलेलं काम ‘गुड फेथ’मध्ये (सद्भावनेत) बसतं, त्यात हलगर्जी झाली असली तरी. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५२ चा कस मात्र कडक होता: ‘ड्यू केअर अँड अटेन्शन’ (योग्य ती काळजी आणि लक्ष) नसेल तर गुड फेथही नाही. भारतीय न्याय संहितेत तीच व्याख्या कलम २(११) मध्ये आली आहे, आणि १९६३ च्या मुदत कायद्याचा सूरही तोच. दिवाणी दाव्यात सुनावणी सुरू झाल्यावर प्लीडिंगमध्ये (पक्षकारांच्या लेखी म्हणण्यात) दुरुस्ती मागायला गेलीस, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली हाच ड्यू डिलिजन्स तुला दाखवावा लागेल. म्हणून हे शब्द दिसले की आधी कायदा कोणता ते बघ.

आता तुझी जमीन. तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च आहे, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे) आहेत, फेरफार (सातबारावरच्या हक्कबदलाच्या नोंदी) जोडलेत. चांगलं काम आहे. पण सातबारावरची नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही. ‘इतर हक्क’ रकान्यात एक नाव आहे, त्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. ते कूळ आहे का? नाव कशामुळे लागलं? त्याचा फेरफार काढ.

आणि जागेवर कोणी गेलं होतं का? मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असंच धरलं जातं. चौकशी मुद्दाम टाळली तरी तेच. शेत कोण कसतं, विहीर कोणाची, वाट कुठून जाते, हे बांधावर उभं राहून शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

ते शेवटचं वाक्य काढून टाक. त्याऐवजी कोणत्या तारखेला कुठे काय पाहिलं, जागेवर कोण भेटलं, ते काय म्हणाले हे लिही. एखाद्या वर्षाचं रजिस्टर फाटलेलं असेल, तर तेही स्पष्ट लिही. असा रिपोर्ट आला की मी सही करतो.