चोक मोठा म्हणजे सुरक्षित, असं नसतं

तुमची पोस्ट वाचली: 132 किलोवॅटच्या कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेचं) डायोड मॉड्यूल, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, दुसऱ्यांदा उडालं, आणि पुढे तुम्ही लिहिलंय, ‘लाइन चोक तर 400 अँपिअरचा, दणकट बसवलाय.’ ते वाचून पोटात गोळा आला. हाच घोळ मी केलाय. (लाइन चोक म्हणजे ड्राइव्हच्या आधी सप्लायमध्ये बसणारी, करंटचे दणके दाबणारी कॉइल.)

आमच्या साखर कारखान्यात बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला 110 किलोवॅटचा ड्राइव्ह होता, इनपुट साधारण 200 अँपिअर. स्टोअरमध्ये 400 अँपिअरचा, 3 टक्क्यांचा (म्हणजे पूर्ण करंटला सप्लायचं 3 टक्के व्होल्टेज ज्यावर पडतं असा) चोक पडून होता. मोठा आहे, तापणार नाही, म्हणून तोच जोडला. ऐन हंगामात पहाटे तीनला मॉड्यूल फुटलं. पॅनेलचं दार आतून काजळीनं काळं, बसबारवर वितळलेल्या तांब्याचे मणी. बॉयलर बसला, गाळप थांबलं, उसाच्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

ड्राइव्ह देणाऱ्यांच्या ऑफिसनं तीन आठवडे नुसते मेल फिरवले. ‘चोक आहे ना? मग दोष तुमच्या सप्लायचा.’ चोकच्या नेमप्लेटचा साधा फोटोही कुणी मागितला नाही, आणि वॉरंटी नाकारली. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी मीच प्लेट पुसून वाचली: इंडक्टन्स, म्हणजे करंटचा बदल रोखायची ताकद, 0.057 मिलीहेन्री. चोकवरचे 3 टक्के हे त्याच्या स्वतःच्या 400 अँपिअरवर असतात. 200 अँपिअरला तो दीडच टक्का उरतो. आमचा ट्रान्सफॉर्मर 2000 केव्हीएचा आणि ड्राइव्हपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे वाटेत दणका अडवणारं फारसं काही नाही. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक आत-बाहेर झाली की करंटचा सगळा दणका डायोडवर. तुमचा ड्राइव्ह 240 च्या आसपास घेत असेल, म्हणजे तुम्हाला जेमतेम 1.8 टक्के मिळतायत.

415 व्होल्ट, 50 हर्ट्झला माझा हिशोब सोपा आहे: 22.9 भागिले ड्राइव्हचा इनपुट करंट, की 3 टक्क्यांसाठीचे मिलीहेन्री आले. तुम्हाला 0.095 च्या जवळपास हवा. करंट ड्राइव्हच्या प्लेटवरचा घ्या, मोटरचा नको. दीडपट करंटलाही इंडक्टन्स टिकतो का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या; कोअर (आतला लोखंडी गाभा) सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याची चुंबकत्वाची मर्यादा संपली, की चोक असून नसल्यासारखा. 5 टक्क्यांच्या मागे उगाच लागू नका, ड्राइव्हच्या आतलं डीसी बस व्होल्टेज आणखी खाली येतं. हे माझं मत. मी डिझाइनवाला नाही, देखभालीतला माणूस आहे. ड्राइव्हमध्ये आतच डीसी चोक असेल तर हिशोब बदलतो, तेव्हा मॅन्युअल सांगेल ते धरा.

आणि कपॅसिटर बँकेचा 7 टक्क्यांचा डीट्यून्ड चोक (कपॅसिटरला हार्मोनिक्सपासून वाचवणारा) इथे चालवू नका. आमच्याकडे एकानं तेही करून पाहिलं होतं.

बहुतेक चोक 40 अंशांवर रेट केलेले असतात. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मे महिन्यात बाहेरच 42-43 असतं, बंद पॅनेलमध्ये किती होईल बघा. चोक वेगळ्या, हवेशीर खणात ठेवा. वाइंडिंग अॅल्युमिनियमचं आणि बसबार तांब्याचा असेल तर मध्ये बायमेटल वॉशर घाला. आधी चोकच्या प्लेटचा फोटो टाका, आज रात्री बघून सांगतो.