ऊर्जा ‘वाहते’ आणि पोषकद्रव्यं ‘फिरतात’, म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलंय की दहावीतल्या मुलीकडून हे वाक्य पाठ करून घेता येतं, पण समजावता येत नाही, आणि गवत–हरीण–वाघ सोडून एखादं उदाहरण हवंय. मी रायगडातल्या खाडीकाठचा माणूस, त्यामुळे माझं उदाहरण चिखलातलं आहे.

वाघ राहू द्या. कांदळाचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाचं, गळलेलं एक पिवळं पान घ्या.

ओहोटीला बांधावर पाच मिनिटं न हलता बसलं की चिखल जागा होतो. निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारू लागतात, बिळांच्या तोंडाशी छोटे खेकडे येतात. त्यातला एखादा पान नांगीत धरून मागे मागे सरकत बिळाकडे नेतो. देठ आडवा अडकतो. तो पान जरा फिरवतो, पुन्हा ओढतो, आणि पान गुडूप.

हिरवं असताना हे पान फारसं कोणी खात नाही. जाड, तुरट, टॅनिनने भरलेलं. म्हणजे झाडाने वर्षभर उन्हातून साठवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग पुढे जातो तो पान मेल्यावर. पाठ्यपुस्तकातल्या बाणांत हे दिसत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. बहुतेक जंगलांतही हाच प्रकार: जिवंत पानांपेक्षा पाचोळ्यावर जगणारे जास्त.

आता ऊर्जेचं बघू. पान खेकड्याने कुरतडलं, उरलेल्यावर बुरशी आणि जिवाणू बसले, ते चिखलातल्या किड्यांनी खाल्लं, किडे कोळंबीने, कोळंबी जिताडा माशाने. दर पायरीवर खाणारा आपल्या जगण्यासाठी ऊर्जा जाळतो आणि तिची उष्णता होऊन जाते. रेमंड लिंडमन नावाच्या तरुण संशोधकाने अमेरिकेतल्या एका तळ्यावर हा हिशेब मांडला. 1942 साली तो लेख छापून आला तेव्हा तो हयात नव्हता. ढोबळ मानाने वरच्या पायरीला दहावा हिस्सा मिळतो असं धरतात, कमीजास्त होतंच. त्या हिशेबाने ताटातल्या एक किलो जिताड्यामागे दहा किलो कोळंबी आणि शंभर किलो किडे. जिताडा महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. (उरलेलं अर्धं बाजारात.) गेलेली उष्णता परत पानात भरता येत नाही, म्हणून रोज नवं ऊन लागतं. ‘वाहते’ ती ही.

पोषकद्रव्यांचं, उदाहरणार्थ नत्राचं (नायट्रोजनचं), तसं नाही. तो जळून संपत नाही. झाड तर इतकं चिकट की पान टाकण्याआधी त्यातला बराच नत्र काढून परत फांदीत घेतं. उरलेला खेकड्याच्या पोटातून, विष्ठेतून, जिवाणूंतून चिखलात येतो आणि तिथून पुन्हा मुळांत. पण ‘चक्र’ म्हणजे बंद डबा नव्हे. भरती-ओहोटी काही नेते, काही आणते. पावसाळ्यात नदीच्या गाळाबरोबर फॉस्फरस येतो. कोळंबी खाडीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते, तिच्या अंगातून खाडीचा नत्रही बाहेर जातो.

आणि कोण कोणाला खातं एवढंच नातं नसतं. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो घाणीचा नव्हे. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर काम भागवतात आणि सल्फाइड तयार होतं, ते मुळांना विषारी. खेकड्यांच्या बिळांतून त्या चिखलात हवा-पाणी खेळतं. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी खारफुटीच्या काही तुकड्यांतून खेकडे काढून टाकले. 1991 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मातीत सल्फाइड आणि अमोनियम वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. कोणी कोणाला खाल्लं नव्हतं, फक्त भोकं बंद झाली होती.

एक दुरुस्ती माझीच. ‘कोळंबी कांदळाच्या पानांवर पोसते’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. फ्लोरिडातल्या 1970च्या आसपासच्या अभ्यासांतून हे मत रुजलं होतं. नंतर कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) दिसलं की बऱ्याच ठिकाणी तिच्या खाण्यात चिखलावरच्या शेवाळाच्या बारीक थराचा वाटा मोठा असतो. वर दिलेली साखळी खोटी नाही, पण ती एकटी नाही.

आमच्या खाडीच्या एका फाट्यावर रस्त्याचा भराव पडला, मोरी घातली ती अगदीच लहान. एकही झाड कोणी तोडलं नाही. भरतीचं पाणी मात्र आत येईना, दोन वर्षांत कांदळ वाळला. मी गेलो तेव्हा चिखलाला भेगा पडल्या होत्या, एकही जिवंत बीळ दिसलं नाही, आणि पानं जिथे पडली तिथेच, पायाखाली कुरकुरत होती.

मुलीला न्यायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी बघून जा, पाणी जास्त मागे हटलेलं असतं. चपला जुन्या घाला, एखादी तरी चिखलात राहतेच.