बीभत्स, भयानक आणि पोटात ढवळणारे चित्रपट

प्रश्न असा आला आहे: ‘हॉररला आपण भयपट म्हणतो. पण काही अंडरग्राउंड, स्वप्नासारखे तुटक चित्रपट पाहताना भीती वाटतच नाही. पोटात ढवळतं, तरी नजर हटत नाही. यांना काय म्हणावं? विकृत? बिभत्स? की बीभत्स?’

शेवटचं आधी निकालात काढू. बीभत्स, ‘बी’ दीर्घ. पिपासा, जिज्ञासा यांत द्विरुक्त झालेलं पहिलं अक्षर ऱ्हस्व असतं. पण मान्, बध्, दान् आणि शान् या चार धातूंसाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलं: ‘मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य’ (३.१.६). मान् पासून मीमांसा, बध् पासून बीभत्स. गंमत म्हणजे ‘मिमांसा’ दिसली की लगेच खटकते, ‘बिभत्स’ मात्र छापील मजकुरातही बिनदिक्कत नांदतो. त्याआधीच्याच सूत्रात जुगुप्सा, म्हणजे किळस, आहे, चिकित्सा आणि तितिक्षेच्या शेजारी. गुप् म्हणजे राखणं, जपणं. वैयाकरण इथे ‘निंदा’ हा अर्थ सांगतात, पण मला त्यात अंग आखडून घेणारा माणूसच दिसतो.

आता मुख्य मुद्दा. नवरसांतल्या भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून असलेली भावना, भय; बीभत्स रसाचा जुगुप्सा. भ्यायलेला माणूस पळतो. शिसारी आलेला जागेवरच आक्रसतो. तुम्ही म्हणता तो अनुभव हा दुसरा आहे, त्यामुळे ‘भयपट’ हा शब्द या चित्रपटांना बसत नाही यात नवल नाही.

उदाहरण घेऊ दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांच्या ‘अँ शियाँ आंदालू’चं. १९२९, पॅरिस, वीसेक मिनिटांचा मूकपट. सुरुवातीलाच एक माणूस वस्तरा परजतो, चंद्रावरून ढगाची चिंधी सरकते आणि पुढच्या क्षणी वस्तरा डोळ्यावरून फिरतो. (डोळा मेलेल्या वासराचा होता, वस्तरेवाला खुद्द बुन्युएल.) पुढे एका तळहाताला भोक आहे आणि त्यातून मुंग्या बाहेर येतात. पियानोवर मेलेली गाढवं येतात. नाट्यशास्त्रात बीभत्साचे जे भेद आहेत त्यांतले दोन इथे शेजारीशेजारी बसवता येतात: रक्त वगैरेंतून येणारा तो क्षोभज, विष्ठा-कृमींतून येणारा तो उद्वेगी. वस्तरा पहिल्यात. मुंग्या मी दुसऱ्यात घालीन, त्या कृमी नसल्या तरी त्यांची वळवळ तीच.

मग धक्का एवढा का बसतो? रक्त तर आपल्या काव्यातही कमी नाही. बीभत्साचं ठरलेलं उदाहरण भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या संस्कृत नाटकातलं: स्मशानात पिशाच प्रेताची कातडी सोलून मांस खातं. पण ते आपण नायक माधवाच्या तोंडून, स्रग्धरा वृत्तात ऐकतो. शब्द आणि लय मधे उभी राहतात, आणि पिशाच स्मशानात असावं हेही आपल्याला पटतं. आपल्या मुंजाला पिंपळ असतो, वेताळाला अमावास्या. भुताला पत्ता असला की भीतीलाही पत्ता मिळतो. या चित्रपटात तो पत्ताच काढून घेतला आहे. ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल अशी कल्पना वा प्रतिमा घ्यायची नाही, असा बुन्युएल आणि दालीचा ठरावच होता. शिवाय वस्तरा फिरतो तो नेमका डोळ्यावर, म्हणजे ज्याने आपण तो पाहतो आहोत त्याच्यावर. पहिल्या खेळाला बुन्युएल खिशात दगड घेऊन पडद्यामागे उभा होता, प्रेक्षक अंगावर आले तर असावेत म्हणून. तसं झालं नाही, टाळ्या पडल्या. पण त्याचाच पुढचा ‘लाज द’ऑर’ १९३० साली दाखवला गेला तेव्हा उजव्या गटांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली आणि पोलिसांनी चित्रपट बंद पाडला. तिथे शिसारीपेक्षा धर्म आणि मध्यमवर्गीय सभ्यता दुखावल्याचा राग मोठा होता, हे मात्र वेगळं मोजावं.

आता बाकीचे पर्याय. ‘विकृत’ नको. मूळ अर्थ बदललेलं, बिघडलेलं. आजच्या मराठीत तो शब्द चित्रपटापेक्षा करणाऱ्याच्या डोक्यावर आरोप ठेवतो. ‘हिडीस’मध्ये भडकपणा आहे, ‘ओंगळ’ला आंघोळ घातली की भागतं. ‘अघोरी’ जवळचा, पण त्यात कृत्य करणारा हात दिसतो. ‘अंडरग्राउंड’चं ‘भूमिगत’ करू नका, वाचकाला बेचाळीसचे भूमिगत कार्यकर्ते तरी आठवतील नाहीतर गटाराचे पाइप. अशा स्वप्नासारख्या, तर्क झुगारणाऱ्या ‘सरिअल’ कलेसाठी ‘अतिवास्तव’ रूढ आहे, तो ठेवा, फक्त त्यातला ‘अति’ ‘पलीकडचं’ या अर्थी आहे, ‘फारच खरंखुरं’ या अर्थी नाही. माझी शिफारस: ‘अतिवास्तव बीभत्सपट’. जरा जड आहे, कबूल.

‘भयानक’ बाजूला ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. त्याची धार गेली. ‘भयानक आवडला’, ‘भयंकर गोड’ आपण सहज म्हणतो. ‘बीभत्स गोड’ असं अजून कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.